सावित्रीमाईंना वस्तीत आणणारी अभिनेत्री

३ जानेवारीला आपल्या वस्त्यांमधून एखादी मुलगी नऊवारी नेसून ‘मी सावित्री बोलतेय’ म्हणत उभी राहते. ही रीत पाठ्यपुस्तकाने दिलेली नाही. माझ्या मते तिच्यामागे सुषमा देशपांडे यांच्या ‘व्हय, मी सावित्रीबाई’ या एकपात्री नाटकाचा मोठा वाटा आहे.

हे नाटक आलं १९८९ मध्ये. तो काळ आठवा. ‘रिडल्स’साठी १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला होता. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर अजून लटकलेलं होतं. १९८८ सरता सरता ‘सोबत’ साप्ताहिकातून जोतीरावांची बदनामी झाली आणि हरी नरके यांनी पुस्तक लिहून तिला उत्तर दिलं. सगळी लढाई कागदावर आणि रस्त्यावर चालली होती. अशा वेळी पत्रकारिता केलेली एक बाई स्वतः संहिता लिहून सावित्रीमाई म्हणून थेट लोकांशी बोलायला लागली.

एकपात्री असणं ही या नाटकाची मोठी ताकद होती, हे नाट्यसमीक्षक फारसं बोलत नाहीत. व्यावसायिक नाटकाला थिएटरचं भाडं लागतं, नेपथ्याचा ट्रक लागतो, नटांच्या तारखा लागतात. इथे एक बाई आणि तिची साडी. त्यामुळे प्रयोग समाजमंदिरात होऊ शकतो, शाळेच्या वर्गात होऊ शकतो, गावच्या पारावरही होऊ शकतो. सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांनी हेच केलं होतं. फक्त तिथे बाईचं सोंग बहुतेक पुरुषच घ्यायचे. (जलशांचं मोठेपण त्याने कमी होत नाही.)

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते २०१४ चं ‘आयदान’. उर्मिला पवार यांचं आत्मकथन सुषमाताईंनी ‘आविष्कार’तर्फे रंगमंचावर आणलं. नंदिता धुरी, शिल्पा साने आणि शुभांगी सावरकर या तिघींनी मिळून एकाच बाईचं आयुष्य उभं केलं. ‘व्हय, मी सावित्रीबाई’मध्ये माईंच्या तोंडी नाटककाराचे शब्द होते. इथे मात्र कोकणातल्या एका बौद्ध बाईने स्वतः लिहिलेलं बोललं गेलं, आणि आईच्या बांबूच्या विणकामाचा शब्द थेट नाटकाचं नाव झाला.

अशा नाटकांना प्रायोजक मिळत नाहीत, ती आपल्यासारख्यांच्या बोलावण्यावर जगतात. आणि आपली मंडळं जयंतीच्या डीजेला आगाऊ पैसे मोजतात, नाटकवालीला मात्र बुके देऊन ‘चळवळीचं काम आहे, ताई’ म्हणतात.