वाळवंटातील पाणयंत्र

माणसाने पाण्यात न उतरता, वरून तारेने चालवायचे यंत्र तळाशी धाडावे, ही कल्पना तशी जुनी आहे. दिमित्री रेबिकॉफ यांनी १९५३ साली ‘पूडल’ नावाचे असे यंत्र केले. १९६६ साली स्पेनजवळच्या समुद्रात पडलेला अमेरिकेचा हायड्रोजन बॉम्ब आठशे मीटरांहून अधिक खोलीवरून वर काढण्यात अशाच एका यंत्राचा वाटा होता. तथापि ही विद्या दीर्घकाळ नौदलांची आणि तेलकंपन्यांची मिरास राहिली. नळजोडणीचे प्लास्टिकचे पाइप आणि नावेत साचलेले पाणी उपसणारे छोटे पंप यांतून शाळकरी मुलांनाही असे यंत्र करता येईल, हे हॅरी बोम व व्हिकी जेन्सन यांच्या १९९७ सालच्या पुस्तकाने दाखविले. पुढे २००२ पासून अमेरिकेत त्यांच्या स्पर्धा भरू लागल्या.

२००४ सालची स्पर्धा कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील विद्यापीठाच्या तलावात झाली. तीत ॲरिझोनातील फिनिक्स शहरातून, म्हणजे चक्क वाळवंटातून, कार्ल हेडन हायस्कूलचा संघ आला. ऑस्कर वाझ्केझ, क्रिस्तियान अर्सेगा, लोरेन्झो सान्तिलान आणि लुईस अरांदा ही चार मुले मेक्सिकोतून आलेल्या गरीब कुटुंबांतील. त्यांच्यापाशी अमेरिकेत राहण्याची अधिकृत कागदपत्रे नव्हती. फ्रेडी लाजवर्दी आणि ॲलन कॅमेरॉन हे त्यांचे शिक्षक. पदरी सुमारे ८०० डॉलर.

त्यांनी यंत्राचा सांगाडा पाइपांचा केला, तो केवळ स्वस्ताईपायी नव्हे. बंद पाइपातील हवा यंत्राला तरते ठेवते आणि तारा त्यातूनच नेता येतात. बॅटरी काठावर न ठेवता यंत्रावरच बसविली, त्यामुळे काठाशी जोडणारी तार बारीक राहिली व यंत्र चपळ झाले. डिंकाच्या उग्र वासावरून त्याचे नाव ‘स्टिंकी’ पडले. ऐन वेळी विजेची जोडणी ठेवलेल्या पेटीत पाणी झिरपू लागले. तेव्हा स्त्रिया मासिक पाळीत वापरतात ते शोषक बोळे दुकानातून आणून पेटीत बसविले गेले. उपाय हास्यास्पद वाटेल, पण त्यामागचे शास्त्र बिनचूक आहे.

मला, भाषेच्या अध्यापकाला, यापुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते. पाण्यातील कामगिरीत हा संघ पहिला नव्हता; तेथे मॅसॅच्युसेट्सची जगद्विख्यात एमआयटी संस्था पुढे होती. परंतु लेखी अहवाल आणि तोंडी परीक्षा यांनाही गुण होते. परीक्षकांत नौदलातील व नासातील तज्ज्ञ होते. पाण्यात प्रकाशाचा वेग हवेतल्याच्या पाऊणपट असतो; मग लेसरने मोजलेले अंतर खरे कसे धरायचे, असल्या प्रश्नांना मुलांनी नीट उत्तरे दिली. अखेर तांत्रिक लेखनाचे पारितोषिक त्यांना मिळाले, आराखड्याचे मिळाले, आणि एकंदरीत पहिला क्रमांकही. ज्यांच्या घरी स्पॅनिश बोलली जाते, त्यांनी इंग्रजी अहवालात एमआयटीला मागे टाकले! घरची भाषा एक, कचेरीची दुसरी अशा आपल्या बेळगाव भागातील पालकांना यातले कष्ट समजावून सांगण्याची गरज नाही.

जोशुआ डेव्हिस यांच्या २००५ सालच्या लेखाने ही हकीकत सर्वदूर गेली आणि २०१५ साली तिच्यावर चित्रपटही आला. चित्रपट विजयाच्या जल्लोषाने बांधला जातो. इतिहासाला पुढची पाने उलटावी लागतात. २००६ साली ॲरिझोनाच्या मतदारांनी कागदपत्रे नसलेल्या विद्यार्थ्यांची राज्यातील रहिवाशांसाठीची फीसवलत काढून घेतली. अर्सेगाला वाढीव फी परवडेना आणि त्याचे विद्यापीठ सुटले. वाझ्केझ २००९ साली यंत्र-अभियांत्रिकीचा पदवीधर झाला. आपली नोंद कायदेशीर व्हावी म्हणून स्वतः मेक्सिकोत गेला, तर त्याच्यावर दहा वर्षांची प्रवेशबंदी आली. २०१० साली ती माफ झाली. परतल्यावर तो अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला व अफगाणिस्तानात जाऊन आला. राज्यात दोन वर्षे शिकून शालान्त झालेल्या अशा मुलांना ती फीसवलत मतदारांनी पुन्हा दिली, ती २०२२ च्या नोव्हेंबरात. स्पर्धेला तोवर अठरा वर्षे लोटली होती.