दाव्यांचें त्रैराशिक

न्यायाधीश किती नेमावे, या प्रश्नाचें सरकारी उत्तर बहुधा त्रैराशिकाचें असतें: गेल्या सालीं दावे इतके, एका न्यायाधीशाच्या हातून निकाल इतके, म्हणून पुढें खुर्च्या इतक्या. हें गणित किती कच्चें आहे, तें कराडलगतच्या मलकापुरासारख्या सातारा जिल्ह्यांतील गांवांच्या इतिहासावरून कळतें.

1859 च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जाच्या दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतु ऋणकोच्या रक्षणाचा, परिणाम उलटा! पूर्वीं सुगीची वाट पाहणाऱ्या सावकारास आतां तीन वर्षांच्या आंत व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत लिहून घ्यावें लागे, नाहीं तर कोर्टाची पायरी चढावी लागे. दावे वाढले, ते कुणबी एकाएकीं भांडखोर झाला म्हणून नव्हे. आणि निकाल? कूळ बहुधा हजरच होत नसे. एकतर्फी हुकूमनामे भराभर सुटत. कागदावर ही तडफ मोठी देखणी दिसली असेल. मे 1875 मध्यें सुप्यास सावकारांचीं खतें जाळलीं गेलीं, तेव्हां तिची किंमत कळली.

पुढें 1879 चा दक्षिणी शेतकऱ्यांचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्यानें काम मोजण्याची रीतच पालटली. दाव्यापूर्वीं सलोखा करणाऱ्या पंचाकडे जावें; दहा रुपयांपर्यंतचे तंटे गांवच्या मुनसफानें तोडावे; कोर्टानें खताच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासावा. या शेवटच्या कलमानें एकेका दाव्यास वेळ अधिक लागणार, हें उघड होतें. पण तोच खरा न्याय होता. न्या. रानड्यांनींही या कायद्याखालीं खास न्यायाधीशाचें काम केलें. सावकार मात्र गहाणाऐवजीं खरेदीखतें घेऊं लागले, आणि सलोख्याची पद्धत 1912 मध्यें रद्द झाली.

1987 मध्यें विधि आयोगानें दहा लाख वस्तीस पन्नास न्यायाधीश सुचविले. 2014 च्या अहवालानें लोकसंख्येचें माप सोडून निकालांचा वेग धरला. आम्हांस हें माप धोक्याचें वाटतें. 1870 च्या सुमारास तें लाविलें असतें, तर एकतर्फी हुकूमनाम्यांच्या बळावर न्यायाधीश पुरेसे आहेत असेंच ठरलें असतें.

ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचें फिरतें खंडपीठ कोल्हापुरास बसूं लागलें. सातारा त्याच्याच कक्षेंत. मुंबईचा खर्च न झेपल्यानें खालच्या निकालावर गप्प बसलेला मलकापूरचा पक्षकार आजवर कोणत्याच तक्त्यांत नव्हता. आतां तो सकाळीं निघून हमरस्त्यानें दुपारच्या आंत कोल्हापुरास पोहोंचेल, आणि त्याच्यासाठीं खुर्ची मांडावयाची ती गेल्या सालच्या आंकड्यांवरून.