खेळ चालू असता नियम बदलणे : तारापूरच्या इंधन-वादाचा एक अभ्यास

एखाद्या नियमावलीनुसार सुरू झालेल्या व्यवहाराच्या मध्यावरच ती नियमावली बदलण्याचा अधिकार कोणाला असतो, हा प्रश्न क्रीडाक्षेत्रात जितका जुना तितकाच राष्ट्राराष्ट्रांतील करारांच्या इतिहासातही जुना आहे. मोटारशर्यतींत तो वारंवार उपस्थित झाला आहे. ४ मे १९६९ रोजी बार्सेलोना येथील शर्यतीत लोटस पथकाच्या दोन गाड्यांचे मागील उंच पंख मोडले आणि ग्रॅहम हिल व योखेन रिंट या दोघांच्याही गाड्या कठड्यावर आदळल्या. त्यानंतर दोनच आठवड्यांनी मोनॅको येथे, सरावाची पहिली फेरी होऊन गेल्यावर, नियामक मंडळाने असे पंख तत्काळ बंद केले व त्या फेरीतील वेळाही रद्द ठरविल्या. काही पथकांनी कुरकुर केली, परंतु ती टिकली नाही. धोका प्रत्यक्ष होता आणि बंदी सर्वांना सारखी लागू होती. १९७८ चे उदाहरण याहून निराळे आहे. त्या वर्षी १७ जून रोजी स्वीडनमधील अँडरस्टॉर्प येथे निकी लाउडा याने ब्रॅबम पथकाची, मागील बाजूस मोठा पंखा बसविलेली गाडी चालवून शर्यत जिंकली. पंखा यंत्र थंड ठेवण्यासाठी आहे असे पथक सांगत असे. वस्तुतः तो गाडीखालची हवा खेचून घेऊन गाडी रस्त्याला चिकटवून ठेवी. विजय कायम राहिला, परंतु ती गाडी अजिंक्यपदाच्या शर्यतीत पुन्हा उतरली नाही. शब्दांत सर्वांसाठी असलेल्या बंदीचा रोख येथे एकाच गाडीवर होता.

त्याच १९७८ साली मार्च महिन्यात अमेरिकेत संमत झालेल्या एका कायद्याने हाच प्रश्न, अर्थात कितीतरी गंभीर स्वरूपात, बोईसरच्या पश्चिमेस समुद्रकाठी उभ्या असलेल्या तारापूर अणुवीजकेंद्रापुढे आणून ठेवला. शर्यतीतील गाडी फार तर एक हंगाम गमावते. तारापूरच्या विजेवर महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांची भिस्त होती.

या वादाचे मूळ केंद्राच्या यंत्ररचनेतच आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. निसर्गात सापडणाऱ्या युरेनियममध्ये विखंडनक्षम अंश शेकडा ०.७ इतकाच असतो. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या साध्या पाण्याच्या आहेत. साधे पाणी न्यूट्रॉन शोषून घेत असल्यामुळे नैसर्गिक युरेनियमवर त्या चालूच शकत नाहीत. त्यांना हा अंश वाढविलेले, म्हणजे समृद्ध केलेले, युरेनियम लागते. ते त्या काळी भारतात होत नव्हते. होमी भाभा यांच्या दीर्घकालीन योजनेचा भर नैसर्गिक युरेनियम व जड पाणी यांवर होता. तरीही कोळशाच्या खाणींपासून दूर असलेल्या पश्चिम भारतात अणुवीज लवकर व परवडेल अशा दरात निर्माण करून दाखवावी, या हेतूने तारापूरपुरता वेगळा मार्ग पत्करला गेला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी १९६४ साली करार झाला, अमेरिकेचे कर्ज मिळाले, आणि प्रत्येकी २१० मेगावॅट क्षमतेच्या दोन भट्ट्यांचे हे केंद्र ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर चालू झाले. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला.

तत्पूर्वी, ८ ऑगस्ट १९६३ रोजी, भारत व अमेरिका यांच्यात तीस वर्षे मुदतीचा सहकार्य-करार झाला होता. त्यातील एका तरतुदीकडे जितके लक्ष दिले जाते त्याहून अधिक दिले गेले पाहिजे. तारापूरला लागणारे सर्व समृद्ध युरेनियम अमेरिकेने विकावे, एवढेच त्या करारात म्हटलेले नव्हते. ते सर्व भारताने अमेरिकेकडूनच घ्यावे आणि हे केंद्र अन्य कोणाच्या अशा इंधनावर चालवू नये, असेही बंधन त्यात होते. म्हणजे पुरवठ्याचे वचन आणि एकनिष्ठतेचे वचन ही एकाच व्यवहाराची दोन अंगे होती. एक अंग गळून पडले तर दुसऱ्याचे काय, याचे स्पष्ट उत्तर करारात शोधूनही सापडत नाही. १९६३ साली ते शोधण्याची गरज कोणाला भासली नसावी.

१८ मे १९७४ रोजी पोखरण येथे भारताने अणुस्फोट घडवून आणला. त्यासाठी वापरलेले प्लुटोनियम तारापूरचे नव्हते. ते तुर्भे येथील, कॅनडाच्या साहाय्याने उभारलेल्या सायरस भट्टीत तयार झाले होते. परंतु त्या भट्टीतील जड पाणी अमेरिकेने दिलेले होते. हा स्फोट शांततामय असून कोणत्याही कराराचा भंग झालेला नाही, अशी भारताची भूमिका होती. अमेरिकी विधिमंडळातील अनेकांना मात्र खेळाचे स्वरूप प्रथम भारतानेच बदलले असे वाटले, आणि ही त्यांची भावना केवळ कांगावा म्हणून झटकून टाकता येणार नाही. कॅनडाने १९७६ मध्ये भारताशी असलेले अणुसहकार्य संपुष्टात आणले. अमेरिकेत त्याच वर्षी तारापूरच्या इंधनाच्या निर्यात-परवान्यास काही नागरी संघटनांनी अणुनियमन आयोगापुढे हरकत घेतली.

१० मार्च १९७८ रोजी अध्यक्ष कार्टर यांनी अण्वस्त्र-प्रसारबंदी कायद्यावर स्वाक्षरी केली. अण्वस्त्रधारी नसलेल्या ज्या देशाने आपली सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीखाली ठेवलेली नाहीत त्यास अणुइंधन देऊ नये, अशी अट या कायद्याने घातली आणि ती अंमलात येण्यापूर्वी सुमारे दोन वर्षांची सवलत ठेवली. तारापूर हे केंद्र स्वतः आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तपासणीखाली होतेच. त्याबद्दल १९७१ साली त्रिपक्षीय करार झालेला होता. नवी अट तारापूरविषयी नव्हती, तारापूरबाहेरील भारताविषयी होती. कायद्याची भाषा सर्वसाधारण असली, तरी अमेरिकेशी दीर्घ मुदतीचा करार चालू असलेले व ही अट मान्य नसलेले देश मोजकेच होते, आणि त्यांत भारत ठळकपणे उठून दिसत होता. मोनॅकोच्या पंखांपेक्षा हे प्रकरण अँडरस्टॉर्पच्या पंख्याशी अधिक जुळते, ते यामुळे. फरक असा की, तेथे नियम करणारे मंडळ शर्यतीत उतरलेले नव्हते; येथे नियम करणारा देश हाच कराराचा एक पक्ष होता.

पुढील दोन वर्षांतील घटना अमेरिकेतील अंतर्गत मतभेदांवर प्रकाश टाकतात. एप्रिल १९७८ मध्ये आयोगाची मते दोन विरुद्ध दोन अशी समसमान पडली, तेव्हा कार्टर यांनी कार्यकारी आदेशाने निर्यातीस मान्यता दिली. १६ मे १९८० रोजी आयोगाने सुमारे ३८ टन इंधनाचे परवाने एकमताने नाकारले. जूनमध्ये कार्टर यांनी तोही निर्णय बाजूस सारला. कायदा ज्यांच्या स्वाक्षरीने झाला त्यांनीच त्याची पहिली कसोटी टाळावी, यातील विसंगती त्यांच्या टीकाकारांनी हेरली होती. पण अफगाणिस्तानात सोव्हिएत सैन्य शिरल्यानंतर भारतास दुखवू नये हा विचार त्या क्षणी प्रबळ ठरला. प्रतिनिधिगृहाने १८ सप्टेंबर रोजी २९८ विरुद्ध ९८ मतांनी निर्यातीविरुद्ध कौल दिला. सहा दिवसांनी सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा दोन मतांच्या फरकाने ती वाचली, कारण निर्यात रोखण्यासाठी दोन्ही सभागृहांचा विरोध आवश्यक होता.

कायदेशीर बाजू दोन्हीकडे होती. अमेरिकेच्या घटनाशास्त्रानुसार नंतरचा कायदा आधीच्या कराराहून देशांतर्गत वरचढ ठरतो. आंतरराष्ट्रीय विधीनुसार मात्र स्वतःचा कायदा पुढे करून कोणत्याही राज्यास करारातून सुटता येत नाही. हे दुसरे तत्त्व १९६९ च्या व्हिएन्ना संहितेत नमूद आहे. उभय देश त्या संहितेचे पक्षकार नसले, तरी तत्त्व त्याहून जुने आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि तारापूरच्या बाबतीत ती तशी होती. सहा महिन्यांत सुधारता येईल अशी ही यंत्रसामग्री नव्हती: आयात केलेल्या युरेनियमवर हैदराबाद येथील अणुइंधन संकुलात प्रक्रिया होऊन इंधन-जुडगे तयार होत व मग ते तारापूरला येत. परवाना लांबला की ही सारी साखळीच लांबत असे.

तोडगा अखेर न्यायाने नव्हे, तर व्यवहाराने निघाला. जुलै १९८२ मध्ये इंदिरा गांधी यांच्या वॉशिंग्टन-भेटीत, १९६३ चा करार मोडला असे न म्हणता त्याच्याच चौकटीत फ्रान्सने इंधन पुरवावे, असे ठरले. एकनिष्ठतेची अट अशा रीतीने पुरवठा थांबविणाऱ्याच्याच संमतीने शिथिल झाली. कराराची मुदत १९९३ मध्ये संपली. त्यानंतर चीन व रशिया या देशांकडून तारापूरला इंधन मिळाले. पुढे त्याच किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या तिसऱ्या व चौथ्या भट्ट्या, प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या, नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या आहेत. २००८ च्या भारत-अमेरिका करारात अखंड इंधन-पुरवठ्याच्या हमीवर आणि साठा करून ठेवण्याच्या मुभेवर भारतीय वाटाघाटकारांनी धरलेला आग्रह तारापूरचा इतिहास ठाऊक असल्याखेरीज उमगत नाही.

वापरलेल्या इंधनाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. मूळ करारानुसार त्यावर पुनःप्रक्रिया करण्यापूर्वी तपासणीच्या व्यवस्थेबाबत उभय देशांचा संयुक्त निर्णय आवश्यक होता. तारापूर येथे पुनःप्रक्रियेचा कारखाना उभा राहिला, तरी असा निर्णय देण्यास अमेरिका राजी झाली नाही. नवे इंधन देणार नाही, आणि जुन्यावरील हक्कही सोडणार नाही, अशा या भूमिकेस भारताने सातत्याने विरोध केला. मुदत संपल्यावर आपल्यावर अमेरिकेच्या संमतीचे बंधन उरले नाही असे भारताने मानले, तर आपला हक्क कायम आहे असे अमेरिकेने. आंतरराष्ट्रीय तपासणी मात्र भारताने स्वेच्छेने पुढे चालू ठेवली.