ग्रंथालयाचे दार : सार्वजनिक ग्रंथालये आणि संगणकयुग

२० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या द्वारे शिक्षणाचा प्रसार करणे हे पहिले होते. वाचनालये, सामाजिक केंद्रे व अभ्यासवर्ग उघडून संस्कृतीचा प्रसार करणे हे दुसरे. आणि औद्योगिक व शेतकी शाळा काढून आर्थिक स्थिती सुधारणे हे त्यानंतरचे. या क्रमाला फार अर्थ चिकटवू नये, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या समाजाच्या पोटापाण्याचाच प्रश्न सुटलेला नव्हता, त्याच्यासाठी वाचनालय हे उद्योगशाळेच्या आधी लिहिले गेले, ही गोष्ट आम्हांस दुर्लक्षिण्याजोगी वाटत नाही. महाडचा संग्राम त्यानंतर तीन वर्षांनी, १९२७ साली झाला. आज ‘हातात मोबाइल असताना ग्रंथालय हवे कशाला?’ असा प्रश्न विचारला जातो. तो विचारणाऱ्यांत आपले सुशिक्षित तरुणही असतात, म्हणून त्याचा विचार इतिहासाच्या अंगाने करणे भाग आहे.

महाराष्ट्रात ग्रंथालये नव्हती असे नाही. रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८ सालचे. पुण्यातील नेटिव्ह जनरल लायब्ररी १८४८ सालची, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे आणि मुंबईचे १८९८चे. या संस्थांनी मराठी ग्रंथ जतन केले, हे त्यांचे ऋण निर्विवाद आहे. पण त्या वर्गणीदारांच्या संस्था होत्या. १८४८ याच वर्षी, पुणे याच शहरात जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. ग्रंथालयाचा वर्गणीदार आणि फुल्यांच्या शाळेतील विद्यार्थी हे एकाच शहरात राहत असूनही दोन निराळ्या जगांत राहत होते. नियमाने बंदी असो वा नसो, ज्याला अक्षरओळखच नाकारली गेली त्याने वर्गणीदार होण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

विनामूल्य ग्रंथालयाची कल्पना हिंदुस्थानात राज्यकारभाराचा भाग म्हणून रुजविली ती बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी. १९०६ साली त्यांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू केले होते. मात्र शाळेत शिकलेले अक्षर पुस्तकावाचून मरते. म्हणून १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये आणि पेट्यांतून खेड्यांकडे जाणारी फिरती ग्रंथालये अशी यंत्रणा उभी केली गेली. याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. आणि १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यात आले तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी सरायीतून बाहेर काढले गेल्यावर एका बागेत बसून राहण्याची पाळी त्यांच्यावर आली. देशातील सर्वांत पुढारलेली ग्रंथालययोजना ज्या नगरात होती, त्याच नगरात त्या काळच्या एका मोठ्या विद्वानाला छप्पर नव्हते. ग्रंथ मोफत झाले म्हणजे माणूस आपोआप मोकळा होतो असे ज्यांना वाटते, त्यांनी या प्रसंगाचा विचार करावा.

बागेचा उल्लेख निघाला म्हणून आणखी एका बागेविषयी. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. शांतपणे वाचावयास जागा नव्हती म्हणून विद्यार्थी भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तेथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची दृष्टी त्यांच्यावर गेली. मॅट्रिक झाल्यावर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले, आणि पुढे सयाजीराव महाराजांपर्यंत नेले तेही त्यांनीच. या हकिकतीत पुस्तक आहेच, पण पुस्तकाआधी बसावयास जागा आहे आणि वाचणाऱ्याकडे लक्ष देणारा एक जाणता माणूस आहे. ग्रंथालय म्हणजे या तिन्हींचा मेळ होय. संगणकाने यांपैकी पुस्तक आणून दिले. उरलेल्या दोहोंचे काय, हा आमचा प्रश्न आहे.

साधन बदलले म्हणून बौद्धांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या संगीतीत आनंदाने धम्म आणि उपालीने विनय म्हणून दाखविला, तेव्हा ग्रंथ नव्हताच. होते ते स्मरण. पुढे एकेका निकायाची जबाबदारी दीघभाणक, मज्झिमभाणक अशा भिक्खूंच्या गटांनी वाहिली. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात दुष्काळ आणि युद्ध यांमुळे भाणकच नाहीसे होण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा वट्टगामणी राजाच्या काळात त्रिपिटक ताडपत्रांवर उतरविले गेले. चीनमध्ये वज्रच्छेदिका सूत्र इ. स. ८६८ साली लाकडी ठशांनी छापले गेले. तारीख असलेला उपलब्ध मुद्रित ग्रंथांतील तो सर्वांत प्राचीन म्हणून गणला जातो. तो दुन्हुआंगच्या गुहेत सापडला. कोरियातील हैन्सा विहारात त्रिपिटकाचे ८१ हजारांहून अधिक कोरीव ठसे आजही जपलेले आहेत. रंगून येथील १९५४-५६च्या सहाव्या संगायनाची संहिता इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीत छापली, मग सीडीवर घातली आणि पुढे महाजालावर सर्वांना विनामूल्य खुली केली. बाबासाहेबांनी केवळ राहण्यासाठी नव्हे तर ग्रंथांसाठी बांधलेल्या घराला ‘राजगृह’ हे नाव दिले, त्याचे औचित्य या परंपरेकडे पाहिले म्हणजे कळते.

आता एक बारकावा. त्या सीडी चालविण्याची सोयच आजच्या बहुतेक संगणकांत राहिलेली नाही. संहिता वाचली ती सीडीमुळे नव्हे. एका साधनातून दुसऱ्या साधनात तिला वेळेवर उचलून नेणारी संस्था जागी होती म्हणून. ताडपत्रेही अशीच पुन्हा पुन्हा उतरवून घेतली जात. नव्या युगालाही भाणक लागतात. मात्र त्यांना पगार, जागा आणि वीज लागते, आणि ही व्यवस्था बाजार आपण होऊन करीत नाही.

बाजाराचा स्वभाव २००९ साली दिसला. ॲमेझॉन कंपनीने विकलेल्या इलेक्ट्रॉनिक पुस्तकांतून जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी परवानगीच्या वादावरून ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकली, आणि नंतर माफी मागितली. ग्रंथालयाने विकत घेतलेले कागदी पुस्तक त्याच्या मालकीचे असते. इलेक्ट्रॉनिक पुस्तकाचा पुष्कळदा नुसता परवाना मिळतो आणि तो मुदतीने संपतो. ज्या समाजाचे ग्रंथ जाळून टाकण्याची भाषा या देशात झालेली आहे, त्याने आपले ग्रंथ परक्याच्या कपाटात ठेवून निश्चिंत राहावे काय?

लाभ मात्र मोठा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे खंड काढले. त्यांतील कित्येक खंड पुढे दुर्मीळ झाले, आणि छपाई रखडल्याची दखल २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली. असे असताना हेच इंग्रजी खंड केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून कोणालाही उतरवून घेता आले. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील स्वामित्वहक्काची ६० वर्षांची मुदत २०१६ अखेर संपली आहे. मरणोत्तर प्रथम प्रकाशित झालेल्या लेखनाची मुदत प्रकाशनापासून मोजली जाते, हे मात्र आपल्या हौशी प्रकाशकांनी ध्यानात ठेवावे.

खंडांचे एकवेळ झाले; वृत्तपत्रांचे काय? ‘मूकनायक’ १९२०चा, ‘बहिष्कृत भारत’ १९२७चा, ‘जनता’ १९३०चा, ‘प्रबुद्ध भारत’ १९५६चा. हा सारा कागद वृत्तपत्री आहे. त्यातील आम्लाने तो पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो, मग घडीवर तुटतो. अनेक अंक आजही जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी, पत्र्याच्या पेट्यांत आहेत. त्याहून नवल असे की, १९९०च्या दशकात संगणकावर जुळविलेली आपली नियतकालिके त्याहूनही लवकर हरवत आहेत. त्यांचे टंक युनिकोडपूर्व होते; जुनी फाइल आज उघडली तर मराठीऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. छापील अंक असेल तरच मजकूर आहे.

आणि आता जागेचा प्रश्न. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतील १२वी नोंद ग्रंथालयांची आहे. म्हणजे जबाबदारी राज्याची. मद्रासने १९४८ साली रंगनाथनांच्या प्रेरणेने कायदा करून ग्रंथालयासाठी उपकर बसविला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ सालचा. त्यात उपकर नाही. आपल्याकडील बहुसंख्य ग्रंथालये संस्थांनी चालविलेली, अ, ब, क, ड वर्गांनुसार अनुदान घेणारी आणि सभासदांकडून वर्गणी व अनामत आकारणारी आहेत. ‘सार्वजनिक’ हा शब्द पाटीवर आहे, बडोद्याच्या अर्थाने विनामूल्य मात्र ती नाहीत. आमच्या मते ही त्रुटी संगणक येण्याच्या कितीतरी आधीची आहे. संगणकाचे निमित्त करून तिच्यावर पांघरूण घालू नये.

२०२०च्या टाळेबंदीत या गोष्टीची परीक्षा झाली. ग्रंथालये बंद, शाळा मोबाइलवर. एका खोलीत पाच माणसे आणि फोन एकच, तोही कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात. पुस्तके आकाशमार्गे उपलब्ध होती, पण मुलाला ना यंत्र होते ना कोपरा. आज स्पर्धापरीक्षेची मुले अभ्यासिकेच्या दारात पहाटेपासून उभी असतात. त्यांच्या पिशवीत स्वतःचीच पुस्तके असतात, फोनही असतो. त्यांना हवी असते खुर्ची, दिवा आणि शांतता. या मुलांना पाहून ‘ग्रंथालयाचे वाचनालय न राहता नुसती अभ्यासिका झाली’ अशी तक्रार काही ग्रंथप्रेमी करतात. आम्हांस ती पटत नाही. चर्नी रोडच्या बागेतील विद्यार्थीही अभ्यासासाठीच बसत होता.

गावोगावच्या विहारांना आमची सूचना मर्यादित आहे. विहारात एक खोली वाचनासाठी राखावी, तीत एक संगणक व छायाप्रत घेण्याचे यंत्र असावे. परिसरातील पेट्यांत कोणत्या नियतकालिकाचे कोणते अंक आहेत याची तारीखवार यादी प्रथम करावी. अंक मालकाकडेच राहू द्यावेत, प्रतिमा तेवढ्या घ्याव्यात, आणि त्यांची एक प्रत विहारात, दुसरी अन्य जिल्ह्यातील संस्थेत ठेवावी. यादीचे काम पावसाळ्यापूर्वी व्हावे. कोकणात व विदर्भाच्या पूर्व भागात एका पावसाळ्यात किती कागद जातो, हे पेट्या उघडणाऱ्यांना ठाऊक आहे.