मुंबई-पुणे वाट आणि गोऱ्या कुटुंबांची हवापालट

एकोणिसाव्या शतकात मुंबईतील इंग्रज अधिकारी आणि व्यापारी हवापालटासाठी बायकामुलांसह शहराबाहेर पडत. उन्हाळ्यात माथेरान किंवा महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुणे, असा त्यांचा क्रम असे. पावसाळ्यात गव्हर्नरचा मुक्कामच पुण्याला असल्याने हा प्रवास रुळला. त्यांची वाट पुढे अंबरनाथ-बदलापूरवरून गेली आणि या भागाचे भवितव्य तिनेच ठरवले.

रेल्वेपूर्वी मुंबईहून भरतीची वेळ साधून होडीने पनवेल गाठावे लागे. तिथून पालखी, घोडे किंवा बैलगाडीने खोपोली आणि मग बोरघाट. घाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात खुला झाला. चढणीआधी खोपोलीत नाना फडणविसांनी बांधलेल्या तलावाकाठी विसावा मिळे. बदलापूर या पनवेलच्या वाटेवर नव्हते, पण त्याची ओळखही वाटसरूंशीच जोडलेली आहे. येथे घोडे बदलले जात, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात.

१ मे १८५४ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कल्याणला पोचली. १२ मे १८५६ रोजी कल्याणपासून बदलापूर, नेरळमार्गे खोपोलीपर्यंत गाडी सुरू झाली. जून १८५८ मध्ये खंडाळा-पुणे मार्गही चालू झाला, पण मधल्या घाटात रेल्वे नव्हती. खोपोलीला गाडीतून उतरायचे, मुलांना आणि सामानाला घाटातून वर न्यायचे आणि खंडाळ्याला दुसरी गाडी धरायची, असा हा प्रवास पाच वर्षे चालला. अखेर २१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटाचा रेल्वेमार्ग खुला झाला. त्यासाठी २५ बोगदे खोदावे लागले. साथीच्या रोगांनी आणि अपघातांनी हजारो मजुरांचे प्राण घेतले. साहेबांच्या सुखाच्या प्रवासाची ही किंमत विसरता येत नाही.

रेल्वेमुळे माथेरान जवळ आले. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये या डोंगरावर चढले होते. त्यानंतर तेथे बंगले उठले आणि बदलापूरच्या पुढचे नेरळ हे माथेरानच्या पायथ्याचे स्थानक ठरले. तिथून वर तट्टू किंवा डोलीने जावे लागे. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली छोटी गाडी धावू लागली.

याच मार्गाने अंबरनाथचे शिवमंदिर अभ्यासकांच्या नजरेत आले. शिलाहार राजा मांबाणी याच्या काळातील, शके ९८२ म्हणजे १०६० सालचा शिलालेख या मंदिरात आहे. १८६८ मध्ये सरकारने तेथील कोरीवकामाची चित्रे आणि साचे करवून घेतले.

१९२९ मध्ये पुण्यापर्यंत विजेची गाडी आली आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन ही मुंबई-पुणे गाडी सुरू झाली. आरंभी तिला तिसऱ्या वर्गाचे डबे नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ याच रेल्वेमार्गालगत लष्करी छावण्या उभ्या राहिल्या. फाळणीनंतर त्यांच्या बराकींत सिंधी निर्वासित कुटुंबांना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची पायाभरणी होऊन ती उल्हासनगर झाली. तिथल्या वस्त्या आजही कॅम्प नंबर एक ते पाच म्हणूनच ओळखल्या जातात.