न दिसणारा मुकादम

मुकादम हा आपल्या चांगल्या परिचयाचा माणूस. तो ओरडतो, हजेरी मांडतो. पण तो दिसतो. तो पाठमोरा झाला की मजूर घटकाभर कंबर सरळ करतो, चंची सोडतो, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलतो. मुकादमाला डोळे दोनच आहेत, या गोष्टीत कामकऱ्याचे थोडेसे स्वातंत्र्य सामावलेले असते.

ही मर्यादा नाहीशी करण्याचा विचार अठराव्या शतकाच्या अखेरीस सॅम्युएल बेंथॅम या इंग्रज अभियंत्याने केला. तो रशियात, क्रिचेव्ह येथील पोटेम्किनच्या जहागिरीवर चाकरीस होता. पुष्कळ कारागिरांवर थोडक्या माणसांनी नजर कशी ठेवावी, या विवंचनेतून त्याने वर्तुळाकार कारखान्याची कल्पना काढली. देखरेख करणारा मध्यभागी बसावा आणि त्याने सर्वांना पाहावे. 1786 मध्ये त्याचा थोरला भाऊ, तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅम, तेथे गेला. त्याने त्या कल्पनेतून तुरुंगाचा आराखडा तयार केला. तोच 1791 मध्ये छापला गेलेला ‘पॅनॉप्टिकॉन’. कैद्याला पहारेकरी दिसू नये, मात्र आपण कोणत्याही क्षणी पाहिले जात असू ही जाणीव त्याला सतत असावी, हे त्यातील मर्म. इंग्लंडच्या सरकारने तो तुरुंग बांधलाच नाही. 1813 मध्ये 23 हजार पौंड भरपाई देऊन जेरेमीची बोळवण केली.

आज त्या कामाला विटाचुन्याची गरज उरलेली नाही. संगणकावर बसविलेले देखरेखीचे सॉफ्टवेअर कळफलकावरील प्रत्येक ठोका टिपू शकते, पडद्याची छायाचित्रे घेऊ शकते आणि कर्मचारी किती वेळ स्वस्थ बसला याचा हिशेबही मांडू शकते. बेंथॅमच्या कैद्याला निदान आपल्यावर पाळत असल्याचे ठाऊक असणार होते. येथे पुष्कळदा तेही ठाऊक नसते.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात लोअर मेरियन येथील शाळांनी विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले. हरवलेले वा चोरीस गेलेले यंत्र सापडावे, म्हणून दुरून छायाचित्र घेण्याची सोय त्यांत होती. हेतू रास्त होता. परंतु ही सोय असल्याचे पालकांना सांगितलेले नव्हते, आणि छायाचित्रे निघाली ती मुलांच्या घरांत. 2010 मध्ये प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा कॅमेऱ्याची आणि पडद्याची मिळून पन्नास हजारांहून अधिक चित्रे जमा झाल्याचे उघड झाले. त्याच वर्षी शाळा-मंडळाने 6 लाख 10 हजार डॉलर देऊन तडजोड केली.

मग अशा साधनाची पारख कशी करावी? विक्रेता ‘हे काय काय पाहू शकते’ त्याची यादी पुढे ठेवतो. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 5 सप्टेंबर 2017 रोजी निराळी यादी दिली. रुमानियातील एका कर्मचाऱ्याचे खाजगी संदेश त्याच्या मालकाने वाचले व त्याला कामावरून काढले. खाजगी वापरास बंदी होती, हे खरे. पण संदेशांतील मजकूर वाचला जाईल, हे त्याला आधी सांगितलेले नव्हते. देशातील न्यायालयांनी त्याच्या खाजगी जीवनाचे पुरेसे रक्षण केले नाही, असा निर्णय अकरा विरुद्ध सहा मतांनी झाला. पूर्वसूचना दिली होती काय? पाळत किती खोलवर गेली? तिला सबळ कारण होते काय? सौम्य उपायाने भागले नसते काय? परिणाम काय झाला, आणि गैरवापराला आळा कोणता होता? हे प्रश्न न्यायालयाने महत्त्वाचे मानले. योगायोग असा की, त्याच्या बाराच दिवस आधी, 24 ऑगस्ट 2017 रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले होते.

कचेरीची गुपिते आणि ग्राहकांचे पैसे राखण्यासाठी काही देखरेख लागतेच. लहान मुलांच्या बाबतीत आईबापांनाही ती सर्वस्वी टाळता येत नाही. तथापि जेरेमी बेंथॅमच्या आराखड्याचा दुसरा अर्धा भाग आपण विसरलो आहो. आपला तुरुंग जनतेला केव्हाही येऊन पाहता यावा, म्हणजे पाहणाऱ्यावरही पाहारा राहील, असा त्याचा आग्रह होता. तेव्हा असे साधन विकत घेणाऱ्या मालकाने, मुख्याध्यापकाने वा पित्याने एवढेच स्वतःला विचारावे: ज्याच्यावर हे बसवीत आहे, त्याला समोर बसवून मी ते सांगू शकेन काय, आणि ‘तुमच्यावर नजर कोणाची?’ असे त्याने विचारले, तर माझ्याजवळ उत्तर आहे काय?