शीतकपाटांतले नमुने खुले झाले तेव्हा

९ जानेवारी २०२५ रोजी ‘जिनोम इंडिया’ प्रकल्पातील सुमारे १० हजार भारतीयांच्या जनुकसंचांची विदा नियमांच्या चौकटीत संशोधकांसाठी खुली झाली. फरिदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रात ती जतन केलेली आहे. अशा विदेच्या वाटपाने काय साधते आणि त्यासाठी काय सांभाळावे लागते, हे स्वमग्नतेच्या, म्हणजेच ऑटिझमच्या, संशोधनाचा इतिहास फार स्पष्टपणे सांगतो.

१९४३ मध्ये अमेरिकेतील लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या नोंदींवरून या अवस्थेचे वर्णन केले. पुढची कित्येक वर्षे तिचा दोष आईच्या कोरड्या वागणुकीला दिला गेला. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधील जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकबीज जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. द्विबीज जुळ्यांच्या १० जोड्यांत असे एकही उदाहरण नव्हते. आनुवंशिकतेचा धागा हाती आला. मात्र नेमकी जनुके शोधायची तर शेकडो कुटुंबांचे नमुने हवे होते.

१९९० च्या दशकात नमुने होते, पण विखुरलेले. प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या शीतकपाटात आपलेच नमुने राखून होती. ज्याचे नमुने त्याचाच शोधनिबंध, असा अलिखित रिवाज होता. लॉस एंजेलिसचे जॉन शेस्टॅक आणि पोर्शिया आयव्हरसन हे दांपत्य एका स्वमग्न मुलाचे आईवडील. संशोधकांनी नमुने एकत्र आणावेत, हा त्यांचा आग्रह मान्य होईना. तेव्हा त्यांच्या ‘क्युअर ऑटिझम नाऊ’ या संस्थेने १९९७ मध्ये स्वतःचीच पेढी उभारली: ऑटिझम जेनेटिक रिसोर्स एक्स्चेंज. तेथे रक्ताच्या नमुन्यांपासून प्रयोगशाळेत वाढत राहणाऱ्या पेशी तयार केल्या जात. त्यामुळे एकाच कुटुंबाचा डीएनए, निदानाच्या नोंदींसह, अनेक प्रयोगशाळांना पुरवता येऊ लागला.

वाटपाचे मोल २०१२ मध्ये ठळकपणे दिसले. ‘नेचर’च्या एकाच अंकात तीन गटांचे शोधनिबंध आले. मूल आणि त्याचे आईवडील यांचा डीएनए ताडून, मुलात नव्याने उद्भवलेली उत्परिवर्तने त्यांनी शोधली होती. अशी थोडी उत्परिवर्तने प्रत्येक माणसात असतात; म्हणून एका मुलातील एक उत्परिवर्तन हा निव्वळ योगायोग असू शकतो. पण सुमारे २० हजार जनुकांपैकी नेमक्या त्याच जनुकात, नात्यागोत्याच्या नसलेल्या दुसऱ्या मुलातही तसाच गंभीर बिघाड दिसला, तर योगायोगाची शक्यता झपाट्याने घटते. निरनिराळ्या गटांची विदा शेजारी ठेवल्यावर ‘सीएचडी८’ हे जनुक असेच पुढे आले. २०२० मध्ये ३५ हजारांहून अधिक व्यक्तींची विदा एकत्र करून १०२ जनुकांची यादी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे १२ हजार व्यक्ती स्वमग्न होत्या. कोणत्याही एका प्रयोगशाळेच्या आवाक्यातले हे काम नव्हते.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये १० हजार स्वमग्न व्यक्तींचा डीएनए गोळा करणारा ‘स्पेक्ट्रम १०के’ प्रकल्प जाहीर झाला. ही विदा कोणाच्या हाती जाणार आणि कशासाठी वापरली जाणार, असे प्रश्न स्वमग्न व्यक्तींनीच उपस्थित केले. काही आठवड्यांतच काम थांबवावे लागले. नमुना देणाऱ्याचा विश्वास नसेल, तर वाटायला काही उरतच नाही.

भारतासाठी हे दोन्ही धडे निकडीचे आहेत. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या सहभागाने २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ समूहांची तुलना होती. त्यांपैकी ८१ समूह मूळच्या इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेले दिसले, की त्याचा जनुकीय ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षाही गडद होता. पिढ्यान्‌पिढ्या जातीअंतर्गत झालेल्या विवाहांमुळे तो टिकला. युरोपीय विदेवरून येथील मुलांबद्दलचे निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

निदानाची साधनेही सामायिक हवीत. दोन दवाखान्यांचे निकष वेगळे असतील, तर त्यांचा डीएनए एकत्र करून उपयोग नाही. इन्क्लेन संस्थेच्या पुढाकाराने भारतीय मुलांसाठी घडवलेले निदानसाधन २०१४ मध्ये खुल्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उत्तर गोव्यासह पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इन्क्लेनचीच साधने वापरली गेली.

‘जिनोम इंडिया’तील विदा निरोगी व्यक्तींची आहे. एखादा जनुकीय बदल येथे सर्रास आढळणारा की खरोखर दुर्मीळ, हे ती सांगते. तो स्वमग्नतेशी निगडित आहे की नाही, हे सांगत नाही. त्यासाठी स्वमग्न व्यक्ती आणि त्यांची कुटुंबे यांनी आपणहून, अटी समजून घेऊन दिलेले नमुने हवेत, आणि त्या अटी ठरवताना त्या व्यक्तीही चर्चेला बसलेल्या हव्यात.